पस्तीस हे उत्तर कुठून आलं?

(चारकोप, कांदिवली पश्चिम येथे दहावी-बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीला निमंत्रणपत्रिकेबद्दल एक गंमत सांगतो. कार्यकर्ता मित्राने फोन करून विचारलं, "सर, तुमच्या नावाखाली काय छापू?" मी म्हटलं, "प्राथमिक शिक्षक." तो दोन क्षण गप्प बसला. मग म्हणाला, "सॉफ्टवेअर इंजिनिअर छापलं तर चालेल का? मुलांना प्रेरणा मिळायला पाहिजे ना." मी हो म्हटलं, कारण ते खोटं नाही. माझ्याकडे कम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी आहे. आजही संध्याकाळी दोन-तीन तास मी कंत्राटावर कोड लिहितो, घरखर्चाला त्याचा आधार आहे. पण सकाळी सात ते साडेबारा मी तिसरीच्या वर्गात असतो. या दोन कामांपैकी डोकं जास्त कुठे लागतं, असं कुणी विचारलं तर मी तिसरीचा वर्ग सांगेन. तसं का, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

मी इथलाच. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली मुंबईत एक मोठा गृहनिर्माण प्रकल्प सुरू झाला. चारकोपची ही वसाहत त्यातूनच उभी राहिली. म्हाडाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना लहान लहान भूखंड दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारने द्यायचं आणि घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. काही घरांची मिळून एक सोसायटी आणि मधोमध मोकळा चौक. आमच्या अब्बांनी आधी एक खोली बांधली, चार वर्षांनी पोटमाळा काढला, माझ्या बहिणीच्या लग्नाआधी वरचा मजला चढवला. माझा सगळा अभ्यास त्या पोटमाळ्यावर झाला.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. घरात आमची कोकणी, नातेवाइकांत आणि मशिदीजवळ उर्दू, शाळेत पुस्तकातली मराठी. तिसरीत असताना मी बाईंना सांगितलं, "बाई, माझी किताब घरी राहिली." वर्ग हसला. बाईही हसल्या. कुणी वाईट हेतूने हसलं नव्हतं. पण त्यानंतर कितीतरी महिने मी वर्गात हात वर केला नाही. तोंड उघडण्याआधी प्रत्येक शब्द तपासून घ्यायची सवय लागली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ही सवय असेल. आणि मोठेपणी "तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता" हे कौतुकही तुम्ही ऐकलं असेल. हा प्रसंग लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

दहावीला मार्क चांगले पडले, बारावीला बरे पडले, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधल्या. आमच्या भाषेत त्याला डीबगिंग म्हणतात. कामाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पगार वेळेवर होता. शिक्षक व्हावं असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मी घरून काम करत होतो. माझी भाची तेव्हा तिसरीत होती, तिला रोज दुपारी अर्धा तास शिकवायचो. जसे निर्बंध सैल झाले तशी चौकातली आणखी मुलं येऊ लागली. बहुतेकांच्या घरी एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. त्यांत एक मुलगी होती. तिची आई कोपऱ्यावर भाजी विकायची. मुलीला सगळे 'गणितात कच्ची' म्हणायचे, आणि ती स्वतःही ओळख करून देताना तेच सांगायची. "मी अमुक, माझं गणित कच्चं आहे."

मी तिला वजाबाकीची दहा उदाहरणं दिली. तीन बरोबर, सात चूक. माझा पहिला विचार तोच, जो कुणाचाही असता: हिला येत नाही. पण जुनी सवय आड आली. प्रोग्राम चुकतो तेव्हा आम्ही 'याला येत नाही' असं म्हणत नाही. हे उत्तर नेमकं कुठून आलं, ते शोधतो.

४२ वजा १७, तिने लिहिलं होतं ३५. ६३ वजा २८, तिचं उत्तर ४५. ५० वजा २३, तिचं उत्तर ३३. बघा, तुम्हाला काही दिसतंय का?

ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. ४२ मधल्या २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ७ मधून २ काढून ५. ४ मधून १ गेला, ३. झाले पस्तीस. कुणीतरी कधीतरी तिला "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं" असं सांगितलं असणार, आणि ती ते अगदी इमानेइतबारे पाळत होती. जिथे दशक सुटा करावा लागत नाही, तिथे तिची उत्तरं बरोबर येत होती, म्हणून तीन बरोबर. मी आणखी एक उदाहरण लिहिलं, ८१ वजा ४६, आणि मनात म्हटलं, आता ही ४५ लिहील. तिने ४५ लिहिलं. खरं सांगतो, नोकरीत एखादी मोठी चूक सापडल्यावरही मला तेवढा आनंद झाला नव्हता. ही मुलगी चुकत नव्हती, एक चुकीचा नियम बिनचूक पाळत होती.

मग मी तिला विचारलं, "तुझ्या आईकडून कुणी तेवीस रुपयांची भाजी घेतली आणि पन्नासची नोट दिली, तर परत किती देशील?" तिने क्षणात सांगितलं, "सत्तावीस." कसे? "तेवीसला दोन दिले की पंचवीस, आणि वर पंचवीस." वहीत ५० वजा २३ चं तिचंच उत्तर होतं ३३. मी ते तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "गिऱ्हाइकाला तेहेतीस दिलेस तर?" ती म्हणाली, "आई ओरडेल." मग वहीकडे बघत राहिली, आणि हसायला लागली. तो बाजार आणि ही वही यांचा काही संबंध असेल, हे तिला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचे पंधरा दिवस आम्ही दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन बसलो. बेचाळीस म्हणजे चार नोटा आणि दोन नाणी. सात नाणी द्यायची आहेत, दोनच आहेत, तर एक नोट मोडायची. नोट मोडणं तिला माहीत होतं. दशक सुटा करणं म्हणजे तेच.

नंतर मी वाचायला लागलो तेव्हा कळलं, की हा शोध माझा नव्हे. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी 'बग्गी' नावाचा संगणक-खेळ तयार केला होता. संगणक एखाद्या मुलासारखी चुकीची उत्तरं द्यायचा आणि होऊ घातलेल्या शिक्षकांनी त्यामागचा नियम ओळखायचा. म्हणजे माझ्या धंद्यातला 'बग' हा शब्द माझ्या जन्माआधीच तिसरीच्या वर्गात येऊन बसला होता. आणि भाजीवालीच्या मुलीसारख्या मुलांवर २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक मोठा अभ्यास आला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा त्यात सहभाग होता. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं व्यवहारातले अवघड हिशेब तोंडी करतात, पण तेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की अडतात. आणि फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांची गत उलटी, त्यांना बाजारातला हिशेब जमत नाही. हे दोन्हींच्या मध्ये उभं राहायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे प्राथमिक शिक्षक.

२०२१ मध्ये मी नोकरी सोडायचं ठरवलं. घरी काय झालं, तेही सांगतो, कारण तुमच्या घरीही तेच होईल. अब्बा म्हणाले, "इतकं शिकलास ते मास्तर व्हायला?" अम्मी काही बोलली नाही, पण आठवडाभर बहिणीला फोन करून रडत होती. एक नातेवाईक म्हणाले, "मुलींचं काम आहे ते." माझी बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने वही काढली, दोघांचे आकडे मांडले आणि म्हणाली, "संध्याकाळी कोडिंग चालू ठेवलंस तर जमेल. गाडी मात्र विसर." आम्ही गाडी विसरलो. माझा शाळेचा पगार जुन्या पगाराच्या पावपटही नाही. समाधानाने पोट भरतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. हा निर्णय आकडे मांडूनच घ्यायचा.

दोन वर्षांचा डी.एल.एड. केला. लोक अजून त्याला डी.एड.च म्हणतात. माझ्या बाकावर बारावी झालेली अठरा वर्षांची मुलं, आणि मी तिशी ओलांडलेला. पाठ टाचण काढायचं, तक्ते रंगवायचे, आंतरवासितेला शाळेत जायचं. माझा पहिला सराव पाठ सपशेल पडला. इंजिनिअर ना, मी लॅपटॉपवर पस्तीस स्लाइड बनवून नेल्या होत्या. सातव्या मिनिटाला एका मुलाने विचारलं, "सर, यात कार्टून कधी येणार?" नवव्या मिनिटाला दोघे बाकाखाली होते. माझ्या गटातल्या एका मुलीने त्याच वर्गाला चिंचोके आणि एक फळा एवढ्यावर अर्धा तास बांधून ठेवलं. तिला बारावीला माझ्याहून बरेच कमी मार्क होते. त्या दिवशी माझा इंजिनिअरपणाचा ताठा बराचसा उतरला.

आता शिक्षक होऊन मला जे सगळ्यात उशिरा कळलं, त्याकडे येतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. घरी उर्दू, शाळा मराठी माध्यमाची. संख्या सांगितल्या की भलत्याच लिहायचा. आधीच्या वर्षीच्या नोंदीत शेरा होता, 'लक्ष देत नाही.' मी म्हटलं, "लिही, एकोणनव्वद." त्याने लिहिलं ९१. का? त्याच्या कानाला 'एक' ऐकू आलं आणि 'नव्वद' ऐकू आलं. एक आणि नव्वद, एक्क्याण्णव. हिशेब चोख. 'एकोण' म्हणजे एक उणे, हे त्याला कोण सांगणार? घरात तो ८९ ला 'नवासी' म्हणतो, त्यात उण्याचा मागमूस नाही. मी त्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, "नवासी लिखना आता है?" त्याने झटकन ८९ लिहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं एखादं गुपित ओळखलं होतं. त्याला संख्या येत होत्या. त्या संख्यांची मराठी नावं येत नव्हती. 'लक्ष देत नाही' हा शेरा त्या मुलाबद्दल नव्हताच.

इथे मला माझं एक पापही कबूल करायचं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली होती. बेचाळीसच्या जोडीला 'चाळीस दोन', एकवीसच्या जोडीला 'वीस एक'. केवढा गदारोळ झाला. विधानसभेत विनोद झाले, मोबाईलवर विनोद फिरले. मीही दोन-चार पुढे पाठवले. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, की आपण मराठीत आधी एकक बोलतो आणि मग दशक, लिहिताना मात्र आधी दशक लिहितो, त्यामुळे लहान मुलं गोंधळतात. पद्धत चांगली की वाईट, यावर मतभेद असू शकतात. पण बेचाळीस ऐकून २४ लिहिणारी मुलं मी आता दरवर्षी बघतो. तेव्हा हसताना मी एकदाही तिसरीच्या वर्गात पाऊल टाकलेलं नव्हतं. आपण या कामावर फार सहज हसतो.

तर मुद्दा असा. त्या मुलाच्या कानात काय चाललंय, हे मला एका क्षणात का कळलं? मी हुशार आहे म्हणून नव्हे. माझ्या कानातही लहानपणी तेच चाललं होतं म्हणून. 'माझी किताब घरी राहिली' म्हणणाऱ्या मुलालाच 'एकोणनव्वद' ऐकून ९१ का लिहिलं जातं, ते कळतं. जी गोष्ट मी वीस वर्षं लपवत होतो, ती माझ्या हातातलं सगळ्यात कामाचं हत्यार निघाली. समोर बसलेल्या तुम्हा सगळ्यांकडे ते आहे. दोन भाषांत जगणारा कान. बाहेर जगात आपल्याला कधी मराठीपणाचा पुरावा मागतात, तर कधी आपलीच माणसं उर्दू कच्ची म्हणून हसतात. पहिली ते चौथीच्या वर्गात मात्र हा दुहेरी कान सोन्यासारखा आहे. पालकसभेत कोपऱ्यात गप्प बसलेल्या आईशी तिच्या भाषेत बोलता येतं. त्या मुलाची आईही वर्षभर अशीच बसायची. मी उर्दूत बोलायला लागल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "ये पढ़ लेगा ना, सर?" तिला मुलाची काळजी नाही, असं आमच्या शाळेत सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे ते प्रसिद्ध झाले. पण दोन गोष्टी कमी लोकांना माहीत आहेत. एक, त्यांनी आधी इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला होता, ते सुटलं आणि वडिलांच्या सांगण्यावरून ते शिक्षक प्रशिक्षणाकडे वळले. दुसरी, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते रुजू झाले तेव्हा मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. गुरुजींनी आधी स्वतः कन्नड शिकून घेतली. क्यूआर कोड त्यानंतरची गोष्ट. आपल्याला तर दुसरी भाषा नव्याने शिकायचीही गरज नाही. ती अम्मीने फुकट दिली आहे.

सगळं गोड गोड सांगून मी खाली बसणार नाही. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक्केचाळीस मुलं होती. शिक्षण हक्क कायदा सांगतो की प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. त्या एक्केचाळिसांत एक मुलगा होता, शांत, कधी त्रास न देणारा. त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. हे मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. मी ठरवलं, दिवाळीनंतर त्याला रोज वीस मिनिटं घेऊन बसू. दिवाळीनंतर परीक्षेचे पेपर, मग यू-डायसची माहिती भरायचं काम. इंजिनिअर म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं होतं. मग स्नेहसंमेलन. जानेवारीत त्याचे वडील दाखला घ्यायला आले. इथलं काम संपलं होतं, कुटुंब गावी चाललं होतं. मी त्याला गोष्टीचं एक पुस्तक दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. ते पुस्तक त्याला वाचता येणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो आता कुठे आहे, मला माहीत नाही. प्रोग्राममधली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येते. तिसरीचं वर्ष मुलाला एकदाच मिळतं. तेव्हापासून एक नियम केला आहे. ज्या आठवड्यात अडचण कळते, त्याच आठवड्यात बसायचं. माहिती भरायचं काम रात्री.

दरवर्षी जानेवारीत आपण फातिमा शेख यांचे फोटो लावतो. मलाही त्याचा अभिमान आहे. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारपणामुळे दूर आहोत, मागे सगळा भार फातिमावर पडला असेल, ही काळजी त्यात आहे. म्हणजे तेव्हा मागे राहून, रोज उठून, मुलींपुढे उभं राहण्याचं काम ती करत होती. मुळाक्षरं, अंक, पुन्हा मुळाक्षरं. आपण फोटोला हार घालतो आणि घरात मुलगी डी.एड.ला जाते म्हणाली तर "दुसरं काही मिळत नाही का" असं विचारतो. मुलगा म्हणाला तर विचारतही नाही, सरळ हसतो.

सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आठवा. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं सुमारे ३ टक्केच आहेत, हे त्या अहवालाने दाखवून दिलं. आणि ६ ते १४ वयोगटातली एक चतुर्थांश मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. वीस वर्षं आपण चर्चा करतोय ती मदरशांची. गळती कुठे होते? साध्या शाळेच्या साध्या वर्गात, जिथे तिसरीतलं मूल ९१ लिहितं आणि वहीवर 'लक्ष देत नाही' असा शेरा पडतो. तिथे चौथीपर्यंत वाचन बसलं नाही, की सातवी-आठवीत ते मूल गॅरेजमध्ये दिसतं. आपले हुशार मुलगे-मुली आखातात गेले, आयटीत गेले, आणि ते चांगलंच झालं. पण त्यांतले थोडे तरी या वर्गात यायला हवेत.

ज्यांच्या मनात विचार येत असेल, त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं बोलतो. पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एल.एड. करा. "आधी बी.ए., मग बी.एड. करू, प्राथमिकलाही चालेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालत नाही. त्या महिन्यात सीटेटच्या तयारीत असलेल्या माझ्या काही ओळखीच्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. पदविकेबरोबर टीईटी लागते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, दीडशे गुणांचा, खुल्या गटाला साठ टक्के म्हणजे नव्वद गुण हवेत. राज्याची टीईटी असते आणि केंद्राची सीटेट असते. मी सीटेट दिली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर सेवेत असलेल्या बहुतेक शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक झाली. अल्पसंख्याक संस्थांना ती लागू करायची का, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे. तुम्ही त्या वादाची वाट बघू नका, परीक्षा देऊन मोकळे व्हा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आहे. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकचं मानधन कितीतरी वर्षं सहा हजार होतं, जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झालं. मुंबईत सोळा हजारांत घर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरच्यांशी बोला, वही काढा, आकडे मांडा. जोडधंदा लागेल तर त्याची लाज बाळगू नका. मी बाळगत नाही.

आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, त्यांत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, उर्दू माध्यमातसुद्धा. उर्दू शाळेत मराठी प्रेमाने शिकवणारा आणि मराठी शाळेत उर्दू बोलणाऱ्या मुलाला समजून घेणारा, असा माणूस दोन्हीकडे हवा आहे. तो माणूस या हॉलमध्ये बसलेला आहे.

शेवटची गोष्ट अब्बांची. दोन वर्षं त्यांनी माझ्या शाळेचा विषय काढला नाही. कुणी विचारलं तर "कम्प्युटरमध्ये आहे" म्हणायचे. मागच्या महिन्यात आम्ही दोघे बाजारात गेलो होतो. भाजीच्या गाड्याआडून एक मुलगी पळत आली. आता चांगली उंच झाली आहे, मी आधी ओळखलंच नाही. म्हणाली, "सर, गणितात ऐंशी पडले." आणि तिच्या आईने कोथिंबिरीची एक जुडी आमच्या पिशवीत टाकली, पैसे घेईना. अब्बा वाटेत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर अम्मीला म्हणाले, "ही तुझ्या मास्तरची कमाई, चटणी कर." मी इंजिनिअर झालो तेव्हा त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते. चटणी वाटली नाही, पण 'मास्तर' हा शब्द त्यांच्या तोंडून त्या दिवशी वेगळा आला, एवढं मला ऐकू आलं.

आज ज्यांचा सत्कार झाला त्या सगळ्यांना मुबारकबाद. तुम्ही डॉक्टर व्हा, वकील व्हा, इंजिनिअर व्हा. ज्याला कुणाला बघायचं असेल त्याने शनिवारी सकाळी माझ्याकडे या, मुख्याध्यापकांची परवानगी मी आधीच घेऊन ठेवली आहे. मागच्या बाकावर बसा. एखाद्या मुलाची वही उघडा, चुकलेलं एक उत्तर निवडा आणि ते कुठून आलं ते शोधून दाखवा. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापताना माझ्या नावाखाली काय लिहायचं, ते मग आपण ठरवू.